सीट नंबर एकतीस

नाना पेठेत, टायरवाल्यांच्या मागच्या बोळात
एक पाटी: अभ्यासिका. चोवीस तास. आरओ पाणी.
पाटीच्या वर, चुन्याच्या चार हातांखालून
अजून दिसतो काढलेल्या क्रुसाचा आकार.
अंगठी निघाली तरी बोटावर वळ राहतो तसा.

महिना अकराशे. खिडकीपाशी बाराशे.
मला एकतीस मिळाली. पायाखाली थडगं.

थडगं म्हणजे फरशीच. काळी, गुळगुळीत,
आमच्या औशाच्या घरातल्या पाट्यासारखी झिजलेली.
फेलिक्सकाका उकिडवे बसले, बोट फिरवत वाचत गेले:
"इथं निजलीय मारिया रोझा, बँडमास्तरची बायको.
पुढचं गेलं पुसून. वय राहिलंय. सव्वीस."
माझंही तेवढंच.
आयोगाच्या हिशेबात मला अजून बारा वर्षं आहेत.

काका सनावळी देत नाहीत. म्हणतात, असं म्हणतात.
पेशव्यांच्या तोफांवर गोव्याची माणसं होती,
त्यांनी बांधलं, असं म्हणतात.
प्लेगात बाकं बाहेर काढली, खाटा आत आणल्या,
भिंतीवर डांबरानं खाटांचे नंबर टाकले.
आणि हे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय:
अभ्यासिकेसाठी भिंती खरवडल्या
तेव्हा ते नंबर वर आले, एकेक करून,
आणि कंत्राटदार खूश झाला. रंगाचे पैसे वाचले.

म्हणजे एकतीस हा माझा आकडा नाही.
कुणीतरी उठून गेलं म्हणून मला मिळाला.
किंवा उठलंच नाही.

मधे काही वर्षं रेशनचं गोदाम.
एका पावसाळ्यात फरशीच्या फटींतून गहू उगवला,
अल्तारापर्यंत हिरवी रेघ.
फादर बघायला आले, हसले, काही बोलले नाहीत.
मग पार्किंगवालं नवं चर्च झालं.
घंटा तिकडे गेली. अल्तारातला दगड
पांढऱ्या कापडात गुंडाळून नेला.
दगड नेला की ही नुसती इमारत, असा त्यांचा कायदा.
मेणबत्ती धरायला अकरा वर्षांचा फेलिक्स त्रिभुवन होता.
"मेण हातावर सांडलं," एवढंच सांगतात.
दोराचं भोक छतात तसंच आहे.
दुपारी त्यातून रुपयाएवढं ऊन पडतं
आणि राज्यघटनेवरून सरकत चालू घडामोडींवर जातं.

पापनिवेदनाची पेटी तेवढी विकली गेली नाही.
सागवान, पण वाळवी.
तिच्यावर आता कागद: फोन इथेच. आवाज बारीक.
केजचा रूपचंद जाधवर तिच्यात शिरून
दर रविवारी गावाला सांगतो, पेपर सोपा गेला.
निलोफर तांबोळी आत बसते, फोन लावतच नाही.
मी काकांना विचारलं, इथं खोटं बोललेलं चालतं?
म्हणाले, "पूर्वीही बोलायचेच की.
हळू बोलायचे, इतकंच."

काल यादी लागली. तिसऱ्यांदा मी तिच्यात नाही.
पेटीत गेले. जाळीपलीकडे
फिनेलचा कॅन, दोन फडकी, तुटका पंखा.
अण्णांनी फोन उचलला. मी जाळीकडे बघत राहिले.
त्यांनी विचारलं, जेवलीस का.
मी म्हणाले, हो.
तेवढंच एक खोटं,
बाकीचं त्यांना न सांगताच कळलं असावं,
कारण ते बराच वेळ फोन धरून राहिले
आणि मागे म्हैस ओरडत होती.

परत येऊन चपला काढल्या.
आधी नेहमी पाय आखडून बसायचे,
काल टेकवले. दगड गार होता, मे महिन्यातसुद्धा.
शेजारी बत्तीस नंबरची ट्यूब फडफडत होती.
काका म्हणाले, स्टार्टर गेलाय,
उद्या बदलतो.